४.१० टाकला, तरी गाडी पळेना आणि हायवेवर डोकं उठतं: मागच्या ॲक्सलचा रेशो ठरवताना होणारी नेहमीची चूक

त्रास असा आहे. गाडी एकच. तीच रोज ऑफिसला न्यायची आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर, पाव मैल पळवायची. मागचा रेशो म्हणजे मागच्या चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्याचे) किती फेरे होतात, तो आकडा. तो मोठा टाकला की हायवेवर कानाशी भुंगा लागतो. छोटा ठेवला की निघताना गाडी गुदमरते. मधला टाकला की कुणीतरी भेटतोच आणि म्हणतो, "अजून थोडा मोठा टाकायचास की!" मग पुन्हा जॅक, पुन्हा घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), आणि पुन्हा गिअर ऑइलचा तो कुजक्या अंड्यांचा वास. दोन आंघोळी झाल्या तरी तो बोटांना राहतो आणि घरात जेवायला बसताना वेगळी खुर्ची मिळते.

दोन हिवाळ्यांत मी माझं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला गिअरचा डबा, तीनदा उघडलं. त्यातलं एकदाचं तरी टाळता आलं असतं, म्हणून हे लिहितोय.

गाडी १९९१ ची मस्टँग एलएक्स, ५.० लिटर व्ही-८, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. कागदोपत्री २२५ हॉर्सपॉवर, आणि तीही ४२०० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ इथेच होतो. मागे फोर्डचा ८.८ इंची ॲक्सल, टायर २२५/५५ आर १६. राहायला मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला. ऑफिसचा रस्ता म्हणजे आय-७५, ७० मैलांच्या वेगाने, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर.

आधी तुमच्याकडे आहे काय, ते मोजा

गाडी विकणाऱ्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं की मागे ३.७३ आहे. वर्षभर मी तेच इतरांना सांगत फिरलो. "३.७३ असूनही गाडी उठत नाही," म्हणून हळहळलो आणि त्याच जोरावर ४.१० मागवला.

प्रत्यक्षात मागे ३.०८ होता. हे कळायला दहा मिनिटं आणि एक खडू पुरला असता. दोन्ही मागची चाकं उचलायची, गाडी घोड्यांवर ठेवायची, पुढच्या चाकांना ओंडके लावायचे, गिअर न्यूट्रल. टायरवर एक खूण, प्रॉपेलर शाफ्टवर एक खूण. लिमिटेड स्लिप (दोन्ही मागच्या चाकांना एकत्र फिरवायला बघणारं डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात. एक पूर्ण फेरा द्या आणि शाफ्टचे फेरे मोजा. माझे भरले तीन आणि वर जेमतेम बोटभर. ३.७३ असता तर पावणेचारच्या जवळ गेले असते. साधं ओपन डिफरन्शियल असेल तर एक चाक जमिनीवरच राहू द्या आणि उचललेल्या चाकाला दोन फेरे द्या, तेव्हा शाफ्टचे फेरे म्हणजे तुमचा रेशो.

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ॲक्सलचा कोड असतो, पण तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा. तीस वर्षांत मागे कुणी काय बसवलं, ते स्टिकरला माहीत नसतं. कव्हर उघडलंच असेल तर सरळ दात मोजा: क्राउनचे (मोठ्या चक्राचे) दात भागिले पिनियनचे (शाफ्टच्या बाजूच्या लहान गिअरचे) दात. ३.०८ म्हणजे ४० ला १३, ३.७३ म्हणजे ४१ ला ११, आणि ४.१० म्हणजे ४१ ला १०. पिनियनचा एक दात कमी झाला की ३.७३ चा ४.१० होतो.

भाषेचा एक गोंधळही इथेच मिटवू. ४.१० हा आकडा मोठा, पण जुने लोक त्याला 'खालचा' गिअर म्हणतात, कारण पहिल्या गिअरसारखी त्याची ओढ जास्त आणि धाव कमी. दुकानात "खालचा द्या" म्हणालात आणि समोरच्याने लहान आकडा ऐकला, तर भलताच खोका घरी येतो. आकडाच सांगा. ज्यांनी गावाकडे आरएक्स १०० चं मागचं स्प्रॉकेट बदललंय त्यांना हे वेगळं समजवायला नको: मागे दात वाढवले की गाडी उठते चांगली, पण टॉप निघून जातो. इथे फक्त साखळीच्या जागी क्राउन-पिनियन.

४.१० टाकला आणि टाइम स्लिप तीच राहिली

टाइम स्लिप म्हणजे पट्टीवर धावल्यावर हातात मिळणारी वेळेची चिठ्ठी. हा भाग मला सगळ्यात जास्त झोंबला, म्हणून सविस्तर.

३.०८ असताना मिशिगनमधल्याच मिलान गावच्या पट्टीवर माझा पाव मैल होत होता १४.७१ सेकंदांत, शेवटचा वेग ९५.६ मैल, पहिले ६० फूट २.१७ सेकंदांत. ४.१० टाकून, गॅरेजवाल्याला पैसे मोजून, त्याच टायरवर पुन्हा गेलो. १४.६३. शेवटचा वेग ९५.९. आणि पहिले ६० फूट २.२४, म्हणजे आधीपेक्षा वाईट! आठ शतांश सेकंद तर हवा थंड असली तरी मिळतात.

घरी येऊन वही काढली. सूत्र एकच आहे आणि ते पाठ करण्यासारखं आहे. इंजिनचे आरपीएम म्हणजे वेग मैलांत गुणिले मागचा रेशो गुणिले बॉक्समधल्या त्या गिअरचा रेशो गुणिले ३३६, आणि भागिले टायरचा व्यास इंचांत. भारतात बसून किलोमीटर आणि मिलिमीटरमध्ये करणाऱ्यांनी ३३६ च्या जागी ५३०५ घ्यावा. माझा टायर कागदावर २५.७ इंच भरतो. जमिनीवर एक फेरा लोळवून मोजला तर दोन-एक टक्के कमी, कारण गाडीच्या वजनाने तो दबतो. इथे मी कागदावरचाच धरलाय.

माझ्या बॉक्समध्ये पहिला ३.३५, दुसरा १.९९, तिसरा १.३३, चौथा १.०० आणि पाचवा ०.६८.

आता गंमत बघा. ३.०८ असताना मी फिनिश लाईन तिसऱ्या गिअरमध्ये ओलांडत होतो. ३.०८ गुणिले १.३३ किती? ४.१०. बरोब्बर. आणि ४.१० टाकल्यावर मी ती चौथ्यात ओलांडायला लागलो. ४.१० गुणिले १.०० किती? ४.१०! म्हणजे रेषा ओलांडताना इंजिन दोन्ही वेळेला ५१४० च्या आसपासच फिरत होतं. डिफरन्शियल बदलण्याचा सगळा खटाटोप करून मी शेवटचा तुकडा आधी होता तसाच ठेवला होता, आणि वर एक गिअर बदलण्याचं काम वाढवून घेतलं होतं.

मधल्या पट्ट्यात काय होतं, तेही काढलं. ५५०० ला गिअर बदलतो असं धरा. ३.०८ चा पहिला गिअर एकूण १०.३ होतो आणि ४१ मैलांपर्यंत जातो, दुसरा ६.१, तो ६९ पर्यंत. ४.१० चा पहिला १३.७, पण तो ३१ लाच संपतो. दुसरा ८.२, ५२ पर्यंत. तिसरा ५.४५, ७७ पर्यंत. आता शेजारी शेजारी ठेवा. शून्य ते ३१ मध्ये ४.१० पुढे. ३१ ते ४१ मध्ये ४.१० वाला दुसऱ्यात गेलाय आणि ३.०८ वाला अजून पहिल्यातच, म्हणजे तिथे ३.०८ ची पटी जास्त. ४१ ते ५२ पुन्हा ४.१०. ५२ ते ६९ पुन्हा ३.०८. ६९ ते ७७ पुन्हा ४.१०. पुढे दोघे सारखे. मोठा रेशो म्हणजे सगळीकडे जास्त जोर, ही समजूत इथे सपाट पडते. बॉक्स तोच असेल तर दोन गाड्या आळीपाळीने एकमेकींच्या पुढे असतात.

मग खरा फायदा कुठे? शून्य ते ३१ मध्ये. आणि तिथेच माझे रस्त्याचे टायर जागच्या जागी फिरत होते. इंजिनने दिलेला जास्तीचा जोर डांबराला पोचतच नव्हता, त्याचा नुसता धूर होत होता. ६० फुटांचा आकडा २.१७ वरून २.२४ झाला तो म्हणूनच. टाइम स्लिपवर बाकी काही वाचू नका हवं तर, पण ही ओळ वाचा. रेशो वाढवूनही ६० फूट सुधारले नाहीत, तर अडचण गिअरची नाही, पकडीची आहे.

दुसरी गोष्ट शेवटच्या टोकाची. ज्या इंजिनची ताकद ४२०० ला शिखरावर जाते, ते ५१४० ला उतरणीवर असतं. रेषा ओलांडताना शिखराच्या थोडं पुढे असावं, चार-पाचशे आरपीएम, कारण त्याच गिअरमध्ये आधीचा काही वेळ शिखराच्या अलीकडे गेलेला असतो. म्हणजे माझ्या गाडीला साधारण ४७०० हवेत. ९६ मैल, २५.७ चा टायर, चौथा गिअर, ४७०० आरपीएम. सूत्र उलटं फिरवलं की उत्तर ३.७४ येतं. बाजारात त्याला ३.७३ म्हणतात. ज्यांनी कॅम, हेड, इनटेक हे इंजिनचे भाग बदलून शिखर ५८०० ला नेलंय त्यांचं उत्तर वेगळं. त्यांना ४.१० आणि ४.५६ ची ओढ असते ती उगीच नाही. पण त्यांच्या गाडीचा आकडा उचलून आपल्या स्टॉक इंजिनच्या मागे लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचणं.

स्लिक, म्हणजे खाचा नसलेले शर्यतीचे टायर लावणार असाल तर तोही हिशेबात धरा. २५.७ च्या जागी २८ इंची स्लिक लावला तर तुमचा ४.१० वागतो ३.७६ सारखा. बऱ्याच जणांचा ४.१० पट्टीवर छान चालतो तो याच कारणाने, आणि रस्त्याच्या टायरवर तोच किरकिर करतो.

७० ला गुणगुण: नक्की कोण गातंय?

आता रोजचा त्रास. ४.१० टाकल्यापासून आय-७५ वर ७० च्या वेगाला एक घूं सुरू व्हायची. मी लगेच ठरवलं: आरपीएम वाढले, दुसरं काय. पण गणित तसं म्हणत नव्हतं. पाचव्यात ७० ला ३.०८ असताना इंजिन १९१७ वर होतं, ४.१० ला २५५१. साडेपंचवीसशेला व्ही-८ काही ओरडत नाही. पेट्रोलला मात्र फटका होता, गॅलनला २३ मैलांवरून ॲव्हरेज २० वर आलं.

ही तपासणी क्रमाने करा, कारण पुढचा प्रत्येक खर्च तिच्यावर ठरतो.

पहिल्यांदा गाडी घरासमोर उभी करा, न्यूट्रल, आणि इंजिन रेज करून हायवेवरच्या आरपीएमला धरा. माझ्या बाबतीत २५५०. केबिनमध्ये तीच घूं आली, अगदी आरशासकट! म्हणजे निम्मा गुन्हेगार सायलेन्सर. मागच्या मालकाने बसवलेले मोकळे सायलेन्सर नेमके २५०० च्या आसपास घुमत होते. ३.०८ असताना ते हायवेवर कधी त्या आरपीएमला पोचतच नव्हते, म्हणून कळलं नव्हतं. असं असेल तर रेशो बदलण्याआधी सायलेन्सर बदला, स्वस्तात सुटाल.

मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर ७० ला जाऊन क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. आता इंजिन आणि सायलेन्सर गप्प आहेत. तरीही सीटखाली बारीक थरथर राहिली, तर शाफ्ट किंवा टायर. माझी राहिली. इथे एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात: पाचवा गिअर इंजिनला शांत करतो, प्रॉपेलर शाफ्टला नाही. शाफ्ट बॉक्सच्या मागे असतो, त्याला ओव्हरड्राइव्हचा (एकपेक्षा कमी रेशोच्या गिअरचा, माझा ०.६८) आराम मिळत नाही. ३.०८ असताना ७० ला माझा शाफ्ट मिनिटाला २८२० फेरे मारत होता, ४.१० नंतर ३७५०. आधी जो ताशी ९३ मैलांना थरथरला असता, तो आता ७० लाच थरथरायला लागला. शाफ्ट काढला तर मागच्या क्रॉसची (शाफ्टच्या सांध्याची) एक टोपी कोरडी ठाक, आतल्या सुया गंजून तांबड्या. नवा क्रॉस टाकला, थरथर बरीचशी गेली.

तिसरी तपासणी ॲक्सिलरेटरची. त्याच वेगाला पाय किंचित दाबा, मग किंचित सोडा. आवाज दाबताना एक आणि सोडल्यावर दुसरा येत असेल, बारीक शिट्टीसारखा किंवा कण्हल्यासारखा, तर क्राउन-पिनियनची बसवणूक चुकली आहे. माझ्याकडे हाही होता. पाय सोडला की मागून कुणीतरी बारीक सूर लावायचं. ज्या गॅरेजमध्ये काम झालं त्यांनी "नवे गिअर आहेत, बसतील हळूहळू" असं सांगून वाटेला लावलं. चुकीच्या मापाने बसवलेले गिअर मैल झाले म्हणून गप्प होत नाहीत. उलट आवाज रुजतो आणि पुढे मापं बरोबर केली तरी पूर्ण जात नाही.

एकाच घूं मध्ये तीन आवाज होते. मी मात्र सगळ्याचा दोष ४.१० या आकड्यावर टाकून पहिल्या रात्रीच नवा सेट शोधायला लागलो होतो.

उघडल्यावर काय पाहायचं

ॲक्सल उघडणं अवघड नाही, बरोबर बंद करणं अवघड आहे. ८.८ मध्ये दोन्ही ॲक्सल शाफ्ट आतल्या टोकाला सी आकाराच्या क्लिपांनी अडकवलेले असतात. मधली पिन काढल्याशिवाय त्या निघत नाहीत, आणि त्या पिनचा छोटा बोल्ट घट्ट अडकलेला असेल तर डोक्यातून तुटतो. तेव्हा आधी गरम करा, मग हळू.

मी निळसर शाईऐवजी गिअरच्या दातांसाठी मिळणारा पिवळा मार्किंग पेस्ट लावला आणि क्राउन हाताने दोन्हीकडे फिरवून ठसा पाहिला. ठसा दाताच्या मुळाशी गेला होता, म्हणजे पिनियन आत जास्त बसलेला. पिनियनच्या डोक्यामागची शिम (अंतर जुळवायची चकती) थोडी पातळ घेतली तेव्हा ठसा मधोमध आला. दातांतला प्ले डायल गेजवर मोजा, हाताच्या अंदाजावर नको. सेटसोबतच्या कागदावर असेल तोच धरा, माझ्या कागदाप्रमाणे ०.००८ ते ०.०१२ इंच, म्हणजे वहीचे दोन-तीन कागद एकावर एक.

सगळ्यात जास्त घात करते ती क्रश स्लीव्ह. पिनियनचं नट आवळताना ही नळी दबते आणि बेअरिंगला हवा तेवढा ताण येतो. एकदा जास्त दबली की नट ढिलं करून उपयोग नाही, नवीच टाकावी लागते. मी दोन आणल्या होत्या. दोन्ही लागल्या.

लिमिटेड स्लिपला गिअर ऑइलमध्ये त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर घालायला विसरू नका, नाहीतर वळणावर मागून कटकट येते आणि तुम्ही पुन्हा गिअरवर शंका घेता. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचं, असं दोन-तीनदा. नव्या दातांना पहिल्यांदा ताप फार येतो. पहिल्या ५०० मैलांत पट्टी नाही, ओढकाम नाही, आणि त्यानंतर तेल बदलायचं.

स्पीडोमीटरचं थोडक्यात. मागचा रेशो बदलला की तो खोटं बोलतो. ३.०८ वरून ४.१० केला तेव्हा माझा ७० ला ९३ दाखवायचा. शेजारून म्हाताऱ्या बायका ओव्हरटेक करत होत्या तेव्हा लक्षात आलं. केबलच्या टोकाला प्लास्टिकचा छोटा गिअर असतो. त्याचे दात काढायचे तर बॉक्समधल्या ड्राइव्ह गिअरचे दात गुणिले मागचा रेशो गुणिले टायरचे मैलामागचे फेरे, भागिले १०००. सात दातांचा ड्राइव्ह, ३.७३, मैलाला ८०० फेरे: २१ दात. आत आठ दातांचा ड्राइव्ह निघाला तर हिशेब २४ वर जातो आणि तसा गिअर काही मिळाला नाही. तेव्हा आतला बदलावा लागतो.

बॉक्समध्ये ओव्हरड्राइव्ह नसेल तर

इथे गणितच पालटतं. माझ्या एका मित्राकडे १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल आहे, तीन गिअरचा टर्बो ३५० ऑटोमॅटिक, १२ बोल्टचा ॲक्सल, ४.१०, आणि २७ इंची टायर. ६५ ला त्याचं इंजिन ३३०० वर, वर कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) घसरतो ते वेगळं. तो मला विचारत होता की ३.५५ टाकू का. टाकला तर ६५ ला २८७० होतील, बरं वाटेल. पण निघतानाचा जोर, म्हणजे पहिला गिअर गुणिले मागचा रेशो, १०.३ वरून ८.९ वर येईल.

त्याला मी उलटं सुचवलं: बॉक्स बदल. ७००-आर-४ या ओव्हरड्राइव्हवाल्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर ३.०६ आणि शेवटचा ०.७०. त्याच्यासोबत ३.५५ घेतला तर निघताना १०.९, म्हणजे आधीपेक्षा थोडा जास्तच, आणि ६५ ला इंजिन २०१० वर. दोन्ही टोकं एकदम सुटली. फुकट काही नाही अर्थात. या बॉक्समध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ३.०६ वरून थेट १.६३ वर उडी पडते, आणि पट्टीवर तिथे इंजिन धापकन खाली येतं. शिवाय १२ बोल्टमध्ये ४.१० आणि ३.५५ ला सहसा वेगवेगळी कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) लागतात, नुसता क्राउन-पिनियन आणून भागत नाही. फोर्डच्या ८.८ ला ही भानगड नाही. ऑर्डर देण्याआधी आपल्या ॲक्सलचं हे विचारून घ्या, कारण कॅरिअरचा खर्च गिअरच्या खर्चाच्या बरोबरीला येऊ शकतो.

शेवटी काय टाकलं

घाई न करता आधी टायर बदलले. मागे ड्रॅग रेडियल, म्हणजे जास्त पकडीचे टायर, मापाला तेवढेच. ४.१० तसाच ठेवून पट्टीवर गेलो: ६० फूट १.९१, पाव मैल १४.२४, वेग ९६.२. टायरच्या एका जोडीने जे दिलं ते आख्ख्या डिफरन्शियलने दिलं नव्हतं. मग हिवाळ्यात ३.७३ बसवला आणि मे महिन्यात पुन्हा गेलो: ६० फूट १.९३, पाव मैल १४.२२, वेग ९६.७. दोन वेगळ्या रात्री, वेगळी हवा, तेव्हा या दोन शतांशांना मी काडीचीही किंमत देत नाही. पट्टीवर ४.१० आणि ३.७३ माझ्या गाडीत सारखेच. पण रेषा ओलांडताना इंजिन आता ४७०० वर असतं, हायवेवर ७० ला २३२०, शाफ्ट ३४१०, आणि घुमणारं २५०० चं ठिकाण मी ७५ ओलांडल्याशिवाय येत नाही.

तुमच्याकडे पाच गिअरचा असाच बॉक्स, साधारण स्टॉक इंजिन आणि २६ इंचांच्या आतबाहेरचे टायर असतील, तर मी ३.५५ किंवा ३.७३ च्या बाहेर जाणार नाही. पट्टीवर वर्षातून एकदाच जाणाऱ्याने ३.५५ घ्यावा. इंजिन उघडून शिखर वर नेलेलं असेल तर आधी डायनोचा (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद काढा, मग आकडा. आणि निघतानाचा एकूण गुणाकार १३ च्या वर जात असेल तर रस्त्याच्या टायरवर तो वाया जातो, असा माझा अनुभव. पहिला गिअर लागला न लागला तोच दुसरा मागतो, आणि ऑफिसच्या वाटेवर दर सिग्नलला ती कवायत नको होते.

पुण्याहून पुतण्याचा मेसेज आला होता. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला बाईक न्यायचीये, "काका, मागचं स्प्रॉकेट किती दातांचं टाकू?" मी विचारलं, शेवटी कितव्या गिअरमध्ये असतोस आणि काट्यावर किती असतात? म्हणाला, ते कोण बघतं, तेव्हा पुढे बघायचं असतं. आता फोन टाकीवर चिकटवून काट्याचा व्हिडिओ काढून पाठवणार आहे.

४.१० चा सेट वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवलाय. परवा एकजण बघायला आला. दात चांगले आहेत म्हणाला, आणि मग विचारलं, "टाकला की गाडी पळेल ना?" मी त्याला खडू दिला आणि आधी खाली त्याच्या गाडीपाशी घेऊन गेलो.